फुल रेंज, तरी नेट नाही!

मोबाइलवर रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या, ओटीपीही आला, पण पेज काही उघडेना. चूक फोनची, सिमची की समोरच्या डोंगरावर कोसळणाऱ्या पावसाची?

माझी रूममेट आज पुण्यात माझ्या शेजारच्या कॉटवर झोपते, याला लांज्याचा पाऊस जबाबदार आहे.

तिचं गाव लांजा तालुक्यात, पार सह्याद्रीच्या पायथ्याला. गेल्या वर्षी जुलैमध्ये एमएस्सीच्या प्रवेशाचा ऑप्शन फॉर्म भरायचा शेवटचा दिवस होता. तिला कोल्हापूरला जायचं होतं. मावशीचं घर तिथंच, त्यामुळे राहण्याजेवण्याची चिंता नव्हती. सकाळी दहाला ती फोन घेऊन पडवीत बसली. रेंज फुल. लॉगिन केलं, ओटीपी आला, टाकला आणि मग ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय... ‘सेशन एक्स्पायर्ड’. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. असे अकरा ओटीपी आले. फ्लाइट मोड करून झाला, फोन बंद-चालू करून झाला, शेजारच्या काकूंचा हॉटस्पॉट घेऊन झाला. वैतागून मावशीला फोन लावला, तर तो एका फटक्यात लागला. आवाज खणखणीत. शेवटी दुपारच्या एसटीनं ती लांज्याला निघाली. वाटेत साकवावरून पाणी वाहत होतं, गाडी तासभर थांबली. सायबर कॅफेत पोचली तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. पोर्टल पाचला बंद झालं होतं.

दुसऱ्या राउंडला पुणं मिळालं. मला चांगली रूममेट मिळाली, तिच्या बाबांना दर महिन्याचं रूमचं भाडं आणि मेसचं बिल मिळालं.

“नेटवर्क नव्हतं म्हण ना सरळ,” मी एकदा तिला म्हणाले. “अगं नाही, रेंज फुल होती!” ती अजूनही हेच सांगते. माझं डोकं तिथंच अडकलं. रेंज फुल, फोन लागतोय, ओटीपी येतोय, फक्त पेज उघडत नाही. हे नेमकं कुठं अडतं? कॉलेजच्या फिजिक्सच्या सरांना गाठलं, टॉवरवर चढून काम करणाऱ्या एका रिगरदादाशी चहाच्या टपरीवर दोन तास बोलले, थोडं वाचलं. त्यातून जे कळलं ते फोन हातात घेऊन फिरणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना माहीत नसतं. मलाही नव्हतं.

काड्या सांगतात ते अर्धंच

फोनवरच्या काड्या एकच गोष्ट सांगतात: तुमचा फोन आणि जवळचा टॉवर यांच्यातला सिग्नल किती जोरदार आहे. बस्स. टॉवरच्या पुढं काय चाललंय, याबद्दल त्या अवाक्षर काढत नाहीत.

असं समजा, की तुम्हाला गावाला जायचंय. घरासमोर रिक्षा मिळाली, पाच मिनिटांत स्टँडवर पोचलात. पण पुढं एसटी सुटणार आहे का, सुटलीच तर त्यात जागा आहे का, हे रिक्षावाल्याला काय माहीत? काड्या म्हणजे ती रिक्षा. खरा प्रवास स्टँडपासून सुरू होतो.

टॉवरपासून पुढच्या या प्रवासाला टेलिकॉमवाले ‘बॅकहॉल’ म्हणतात. तुमची रील, तुमचा फॉर्म, तुमचं यूपीआय, सगळं टॉवरवरून कंपनीच्या मोठ्या एक्स्चेंजकडे आणि तिथून इंटरनेटला जायला हवं. यासाठी दोन मुख्य रस्ते आहेत. एक जमिनीखालून किंवा खांबांवरून जाणारी फायबरची केबल. दुसरा हवेतून. या दुसऱ्या रस्त्याचं नाव मायक्रोवेव्ह लिंक.

आता पुढच्या वेळी मोबाइल टॉवर दिसला की नीट वर बघा. उभ्या, लांबट, पांढरट पेट्या लावलेल्या दिसतील. त्या आपल्या फोनशी बोलतात. त्यांच्या जरा खाली-वर काही गोल, ढोलकीच्या पुडीसारखी झाकणं असलेल्या डिश दिसतील. रिगरदादा त्यांना ‘ड्रम’ म्हणाला. त्या आपल्याशी बोलत नाहीत. कुठल्या तरी दुसऱ्या टॉवरवर बरोबर याच्या तोंडासमोर तोंड करून दुसरा ड्रम बसवलेला असतो. या दोघांचं खासगी बोलणं चाललेलं असतं, रात्रंदिवस, कधी दोन किलोमीटरवरून, कधी वीस.

देशात ५जी सुरू झालं ते ऑक्टोबर २०२२ मध्ये. त्या सुमाराला देशातल्या जेमतेम एक तृतीयांश टॉवरपर्यंत फायबर पोचलं होतं. बाकीच्यांचा कारभार मुख्यतः या ड्रमवर. त्यामुळे ‘वायरलेस’ म्हणजे फोन ते टॉवर एवढंच, अशी जी माझी समजूत होती, ती शहरापुरती बरी. डोंगरातल्या गावाचं नेट टॉवरच्या मागंही बराच वेळ हवेतूनच प्रवास करतं.

ओव्हनमधले तेच, टॉवरवरचे तेच?

मायक्रोवेव्ह म्हटलं की आपल्याला ओव्हन आठवतो. लाटा एकाच घराण्यातल्या आहेत हे खरं. आकाशवाणीच्या मीडियम वेव्हची एक लाट शेकडो मीटर लांब असते. एफएमची साधारण तीन मीटर. त्याहून आखूड, म्हणजे एका मीटरपासून ते एका मिलिमीटरपर्यंतच्या लाटांना ढोबळमानानं मायक्रोवेव्ह म्हणतात. रेडिओच्या मानानं छोट्या म्हणून ‘मायक्रो’, एवढाच त्या नावाचा अर्थ.

या घराण्याची यादी काढली तर आपलं अख्खं दिवसभराचं वेळापत्रक निघेल. ४जी, ५जी, वाय-फाय, ब्लूटूथ, जीपीएस, टेरेसवरची डीटीएचची डिश, सगळे मायक्रोवेव्ह. ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि आपलं जुनं वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. हॉस्टेलच्या पँट्रीत कुणी मॅगी गरम करायला ठेवली की शेजारच्या खोलीतलं वाय-फाय रडतं, त्यामागं हे शेजारपण आहे. ओव्हनच्या आत आठशे-हजार वॉटचा दंगा असतो. त्यातला अगदी चिमूटभर बाहेर झिरपतो. पण राउटर बिचारा साधारण वॉटच्या दहाव्या हिश्शात कुजबुजत असतो, त्याला ती चिमूटही भारी पडते.

मग टॉवर-टॉवरमधल्या गप्पांसाठी याच लाटा का? कारण लाट जितकी आखूड तितकी ती छोट्या डिशनं एका दिशेला नेमकी फेकता येते. उघडा बल्ब आणि बॅटरीचा झोत यात जो फरक, तोच इथं. आपल्याकडं टॉवरच्या लिंकसाठी १५ आणि १८ गिगाहर्ट्झचे पट्टे बरेच वापरतात. १५ गिगाहर्ट्झची लाट दोन सेंटिमीटरची. साठ सेंटिमीटरच्या डिशमधून ती सुमारे दोन अंशांच्या झोतात निघते. ताकद एका वॉटच्याही आत, म्हणजे आपल्या घरातल्या सगळ्यात बारक्या एलईडी दिव्याइतकी, आणि तेवढ्यावर दहा-पंधरा किलोमीटर पलीकडच्या टॉवरला हजारो लोकांचा डेटा पोचतो. हे कळल्यावर मी टपरीवर दुसरा चहा मागवला.

डोंगर मध्ये आला की संपलं

चौथीत आपण सगळ्यांनी पावनखिंडीची गोष्ट वाचलीय. महाराज विशाळगडावर पोचले की तोफांचे आवाज होणार आणि ते आवाज ऐकेपर्यंत बाजीप्रभू खिंड लढवणार. तोफेचा आवाज दऱ्याखोऱ्यांतून वळसे घेत जाऊ शकतो, कारण आवाजाच्या लाटा लांब, कित्येक मीटरच्या असतात. दोन सेंटिमीटरच्या लाटेला हे वळणं जमत नाही. ती जवळजवळ उजेडासारखी सरळ जाते. मध्ये डोंगर आला की संपलं. या ड्रमवरून तो ड्रम दिसलाच पाहिजे. याला ‘लाइन ऑफ साइट’ म्हणतात.

त्यातही गंमत अशी की नुसतं दिसून भागत नाही. दोन ड्रममधला झोत दोरीसारखा बारीक नसतो, काकडीसारखा मध्ये फुगलेला असतो. वीस किलोमीटरच्या, १५ गिगाहर्ट्झच्या लिंकमध्ये ही काकडी मध्यावर सुमारे दहा मीटर त्रिज्येची होते. तिचा बराचसा भाग मोकळा लागतो. म्हणजे लिंक बसवली तेव्हा मधल्या टेकडीवरची झाडं खाली होती, पाच-सात वर्षांत ती वाढली, की नेट हळूहळू मंदावतं. गावात कुणालाच कळत नाही काय झालं. शिवाय पृथ्वी गोल आहे, हेही हिशेबात धरावं लागतं. वीस किलोमीटरला मधली जमीन सहाएक मीटर वर आल्यासारखी होते, पन्नासला पस्तीस मीटरहून जास्त. म्हणून लांबच्या लिंकसाठी उंच टॉवर, नाहीतर उंच डोंगर.

ड्रम बसवायचं काम ऐकण्यासारखं आहे. दोन टॉवरवर दोन माणसं चढतात. दोघं फोनवर बोलत असतात. एकाच्या हातात पाना, मल्टिमीटर रेडिओला लावलेला. तो बोल्ट किंचित फिरवतो, मीटरवरचा आकडा वाढतो का बघतो, मग दुसरा फिरवतो. हे तासनतास. सगळ्यात मोठी फसगत म्हणजे मुख्य झोताच्या आजूबाजूला बारके दुय्यम झोत असतात, त्यातला एखादा सापडला तरी सिग्नल येतो. नवखा माणूस ‘झालं’ म्हणून उतरतो आणि पहिल्या पावसात लिंक पडते. एक अंशाची चूक म्हणजे वीस किलोमीटरवर साडेतीनशे मीटरचा फरक. वादळात टॉवरवरचा ड्रम एवढासा हलला तरी काम तमाम. जमिनीपासून चाळीस मीटरवर, वाऱ्यात, कमरेला पट्टा बांधून रिगर हे करतात आणि खाली कुणी विचारलं तर रिगरदादा म्हणतो, ‘टॉवरवर काम करतो’ एवढंच सांगतो, बाकी समजावायला वेळ कुणाला आहे?

पाऊस, धुकं आणि हाताच्या खुणा

आता मूळ मुद्द्यावर येऊ. त्या दिवशी फोन लागत होता, ओटीपी येत होता, पेज का येत नव्हतं?

पावसाचा थेंब एक ते पाच मिलिमीटरचा. समुद्रात रोवलेल्या बांबूला मोठी लाट जुमानत नाही, पण बादलीतल्या पाण्यातल्या बारक्या तरंगांना नुसतं बोट मोडतं. तसंच इथं. ७ गिगाहर्ट्झच्या चार सेंटिमीटरच्या लाटेला पाऊस फारसा नडत नाही. १८ गिगाहर्ट्झची लाट दीडएक सेंटिमीटरची. तिला थेंब अडवतात, विखरून टाकतात, आणि पाणी मायक्रोवेव्ह शोषतंही. त्यावरच तर ओव्हन चालतो. ताशी ५० मिलिमीटरच्या पावसात १८ गिगाहर्ट्झचा सिग्नल दर किलोमीटरला निम्म्याहून खाली येतो. अशा सरीतून पाच किलोमीटर गेलं की उरतो साधारण शंभरावा हिस्सा. लांज्याकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मॅच ऐन रंगात आलेली असताना घरच्या डीटीएचवर ‘नो सिग्नल’ झळकतं, त्याचं कारणही हेच. ती लाट अडीच सेंटिमीटरची.

मग लिंक सरळ बंदच का पडली नाही? हा भाग मला सगळ्यात आवडला. लेक्चरला पहिल्या बाकावरच्या मैत्रिणीला शेवटच्या बाकावरून खुणा करताय असं समजा. मध्ये कुणी नाही, उजेड चांगला आहे, तर नुसत्या भुवयांच्या आणि बोटांच्या हालचालींनी अख्खं वाक्य सांगता येतं. पण वर्गात अंधार आहे, मध्ये मुलं उभी आहेत, तर? तेव्हा मोठ्ठा हात हलवून फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. मायक्रोवेव्ह रेडिओ हेच करतो. लाटेची उंची आणि तिची सुरुवात किंचित कमीजास्त करून तो खुणा बनवतो. हवा स्वच्छ असेल तर एका वेळी २५६ वेगवेगळ्या बारीक खुणांमधली एक पाठवतो, म्हणजे एका खुणेत आठ बिट. नवे रेडिओ ४०९६ खुणांपर्यंत जातात, एका खुणेत बारा बिट. पाऊस आला की समोरच्याला बारीक फरक कळेनासे होतात. मग रेडिओ आपणहून खुणा मोठ्या आणि कमी करतो: २५६ वरून ६४, मग १६, अगदीच झालं तर चार. चार खुणा म्हणजे एका वेळी फक्त दोनच बिट. लिंक तुटत नाही. रस्ता तोच राहतो, पण चौपदरीचा एकपदरी होतो.

आणि एकपदरी रस्त्यावर आधी कुणाला सोडायचं, हे ठरलेलं असतं. कॉल आधी. बोलणं अडखळलेलं लोकांना चालत नाही आणि कॉलला जागाही थोडीच लागते. एसएमएस तर उंदराएवढा, अख्खा मेसेज १४० बाइटचा. तो कुठूनही निसटतो. मागं रांगेत उभे राहतात आपले फॉर्म, फोटो, पीडीएफ. आजकालच्या पोर्टलची पेजं तर अशी की एका बटणासाठी मेगाबाइटभर सजावट उतरवायची.

म्हणजे अकरा ओटीपी आले हे नेटवर्क बरं असल्याचं लक्षण नव्हतंच. ते अगदी गळपटलेल्या नेटवर्कमधूनही आले असते.

साखळीतलं शेवटचं गाव

इथं आणखी एक गोष्ट आहे, जी मला जरा चिडवून गेली. डोंगराळ भागात एक टॉवर दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला असा जोडलेला असतो. फायबर येतं ते हायवेजवळच्या टॉवरपर्यंत. तिथून ड्रमनं पहिल्या टेकडीवर, तिथून दुसऱ्या, मग खोऱ्यातल्या गावात. शेवटच्या गावाचा डेटा वाटेतल्या सगळ्या लिंकवरून जातो, त्यामुळे कुठल्याही एका खोऱ्यात पाऊस पडला की शेवटचं गाव भिजतं. मधल्या गावांचं ट्रॅफिकही त्याच रस्त्यावर. आपल्या अंगणात ऊन आणि नेट मात्र बंद, हे असं होतं.

याच्यावर उपाय नाहीत असं नाही. टॉवर साखळीऐवजी गोलात जोडायचे, म्हणजे एका बाजूची लिंक झोपली की दुसऱ्या बाजूनं फिरून जाता येतं. ६-७ गिगाहर्ट्झचा कमी फ्रिक्वेन्सीचा पट्टा घ्यायचा, पावसाला तो दाद देत नाही. पण त्याला मोठ्या डिश लागतात आणि तिथं जागाही मर्यादित. टप्पे छोटे करायचे, म्हणजे टॉवर वाढवायचे. सगळ्याला पैसे लागतात, आणि ज्या खोऱ्यात चारशे सिम आहेत तिथं ते कोण घालणार, हा प्रश्न फिजिक्सचा नाहीच.

मग सरळ फायबरच का टाकत नाही? हाच प्रश्न मी पहिल्यांदा विचारला होता. टाकायलाच हवी, तिची क्षमता अफाट आहे. पण घाटात दरड कोसळते, रस्ता रुंदीकरणात जेसीबीचा एक घास केबल तोडतो, आणि तुटलेली जागा शोधून जोडेपर्यंत दिवस जातो. अशा वेळी ड्रमच आधाराला असतो. दोन्ही हवेत. शहरात आपण ज्याला ‘नेट’ म्हणतो, तिथं दोन्ही असतात, म्हणून आपल्याला पाऊस कळत नाही.

५जीचा लोगो आल्यानं यात आपोआप काही बदलत नाही. फोन ते टॉवर रस्ता आठपदरी झाला, पण टॉवरच्या मागं जुनाच ड्रम असेल तर लोगो मिरवायलाच. त्यासाठी ८० गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आहे, त्यातून सेकंदाला कित्येक गिगाबिट जातात. शहरात दोन इमारतींमध्ये झकास. पण ती लाट चार मिलिमीटरहूनही आखूड, जवळपास थेंबाएवढीच. कोकणातल्या पावसात ती किती लांब जाईल, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

उपग्रहाचं इंटरनेट आलं की सगळं सुटेल, असंही हल्ली ऐकू येतं. डोंगर आडवा येण्याचा प्रश्न त्यानं बराच सुटेल. पण उपग्रहाशी बोलणंही मायक्रोवेव्हमधूनच होतं, १९७१ मध्ये नारायणगावजवळ आर्वीला देशाचं पहिलं परदेशी दळणवळणाचं उपग्रह केंद्र उभं राहिलं, तेव्हापासून. ढग आणि पाऊस तिथंही वाटेत आहेतच.

गरिबांचं फायबर?

एवढं वाचून मायक्रोवेव्ह म्हणजे फायबर न मिळालेल्यांची सोय असं वाटेल. तर एक उलटा किस्सा. शिकागो आणि न्यूयॉर्कच्या शेअर बाजारांमध्ये साधारण बाराशे किलोमीटरचं अंतर. २०१० मध्ये तिथं डोंगर पोखरून शक्य तितकी सरळ फायबर टाकली, जाऊन-येऊन १३ मिलिसेकंद. दोन-तीन वर्षांत ती मागं पडली, कारण काही कंपन्यांनी टॉवरवर ड्रम लावून तोच फेरा सुमारे साडेआठ मिलिसेकंदांत केला. काचेच्या आत प्रकाश हवेच्या मानानं दोन तृतीयांश वेगानंच जातो. हवेतली लाट जवळजवळ पूर्ण वेगानं. त्या चार-पाच मिलिसेकंदांसाठी लोकांनी कोट्यवधी डॉलर मोजले. म्हणजे तंत्र तेच आहे. एकीकडं त्यावर शेअरचे सौदे पळतात, दुसरीकडं एका मुलीचा फॉर्म अडकतो.

आणि हे तंत्र परदेशातून आलं असंही पूर्ण खरं नाही. १८९५ च्या सुमाराला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजच्या जगदीशचंद्र बोस यांनी मिलिमीटरच्या लाटा भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. ते ६० गिगाहर्ट्झपर्यंतच्या लाटांवर काम करत होते. आज ५जीच्या जाहिरातीत ‘मिलिमीटर वेव्ह’ हा शब्द नवाकोरा म्हणून येतो तेव्हा मला जरा हसू येतं.

रेडिएशनबद्दल विचारणारे भेटतीलच, म्हणून थोडक्यात. मायक्रोवेव्ह एक्स-रेसारखे अणूंमधून इलेक्ट्रॉन उखडत नाहीत, त्यांचा माहीत असलेला परिणाम म्हणजे उष्णता. आपल्याकडं १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलीय. आणि सोसायटीच्या गच्चीवर लोक ज्या गोल ड्रमला बघून घाबरतात, तो तर खाली बघतच नाही. त्याची नजर दूरच्या टॉवरवर.

शेवटच्या तारखेचं काय?

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीनं ऑनलाइन लेक्चरसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केल्याची बातमी सगळीकडं झळकली होती. तिच्या जिद्दीचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण त्या डोंगराखालच्या गावात रेंज का नव्हती, हे कुणी त्याच पानावर लिहिलं असतं तर बरं झालं असतं. डोंगरावर चढलं की टॉवर दिसतो. घरात बसलं की नाही. सगळी गोष्ट एवढीच आहे.

आमचे प्रवेश, परीक्षेचे अर्ज, स्कॉलरशिप, सगळ्याला शेवटची तारीख आणि घड्याळाचा काटा असतो. त्यातल्या बऱ्याच तारखा जून-जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पावसात. पोर्टल बनवणाऱ्यांच्या टेबलावर फायबर असतं. हलकं पेज द्या, अर्धवट भरलेला फॉर्म आपोआप जपून ठेवा, पावसाचा रेड अलर्ट असेल त्या जिल्ह्याला एक दिवस वाढवून द्या, यातलं काहीच रॉकेट सायन्स नाही. टॉवर उभारायला वर्षं लागतील, हे एका सर्क्युलरमध्ये होईल. माझ्या रूममेटनं तेव्हा तक्रारीचा मेल केला होता. उत्तर आलं, ‘उमेदवारांनी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.’

डिसेंबरमध्ये मी तिच्या गावी गेले. घरासमोर खोऱ्याच्या पलीकडं एक टेकडी आहे, तिच्यावर टॉवर, त्यावर एक पांढरा ठिपका: यांच्या गावाच्या टॉवरशी बोलणारा ड्रम. तिच्या आजीनं या सगळ्याचा केव्हाच नियम बनवलाय. नातीनं फोन हातात घेतला की आजी आधी अंगणात डोकावते. टेकडी दिसत असेल तर नेट आहे. पावसात टेकडी गायब झाली की नेट गेलं, लांज्याची एसटी धर. आजी कधी शाळेत गेली नाही, पण लाइन ऑफ साइट तिला बरोबर कळलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून बाहेर आलो तर अंगणापलीकडं काहीच नव्हतं. गच्च धुकं. टेकडी नाही, टॉवर नाही, समोरचा आंबाही अर्धाच. “आज नाही हो नेट,” आजी चुलीपाशी बसूनच म्हणाली. माझी रूममेट माझ्याकडं बघून हसली. धुक्याचे कण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढे असतात. उजेड त्यांना अडखळतो, दोन सेंटिमीटरच्या लाटेला ते जाणवतही नाहीत. तिनं फोन काढला, विद्यापीठाच्या परीक्षेचं पेज टाकलं आणि स्क्रीन आजीसमोर धरली. चक्र एकदाच फिरलं.

“बघू,” म्हणत आजीनं पदराला हात पुसले आणि फोन जवळ घेतला.